महाराष्ट्र राज्य महिला आयोग : अधिकार, कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :

स्त्रीवरील अत्याचाराची एखादी घटना प्रकाशात आली की 'राज्य महिला आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली आहे' हे वाक्य वृत्तपत्रांतून हमखास वाचावयास मिळते. दखल घेणे म्हणजे नेमके काय, ती घेतल्यानंतर कायद्याने पुढे काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, याविषयी मात्र सुशिक्षित वर्गातही बरीच संदिग्धता आढळते. काहींच्या मते आयोग हे स्त्रियांसाठीचे एक स्वतंत्र न्यायालय आहे, तर काहींच्या मते ती केवळ शोभेची संस्था आहे. हे दोन्ही समज आयोगाच्या मूळ अधिनियमाशी विसंगत आहेत. त्यांतून होणारे नुकसान मात्र खरे आहे. न्यायालय समजून आयोगाकडे गेलेली स्त्री महत्त्वाचे महिने गमावते, आणि शोभेची संस्था समजून जी जातच नाही ती एक हक्काचे दार स्वतःहून बंद करून घेते. महाविद्यालयीन अध्यापकांकडे विद्यार्थिनी, त्यांच्या माता आणि क्वचित सहकारी प्राध्यापिकाही सल्ल्यासाठी येतात. त्या दृष्टीने आयोगाची घडण, त्याची कार्यपद्धती आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आयोगाच्या स्थापनेची पार्श्वभूमी :

स्त्रीप्रश्नाची चर्चा महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ चा, तर पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे. तथापि, शासनाच्या कारभारावर स्त्रियांच्या दृष्टीने देखरेख ठेवणारी वैधानिक संस्था असावी, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. भारत सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा या समितीच्या अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य सचिव होत्या. 'समानतेच्या दिशेने' या नावाने ओळखला जाणारा या समितीचा अहवाल १९७४ मध्ये सिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पाव शतकात स्त्रियांची स्थिती अनेक बाबतींत सुधारण्याऐवजी खालावली, हा त्यातील निष्कर्ष त्या काळी धक्कादायक ठरला. केंद्रात व राज्यांत स्त्रियांसाठी वैधानिक आयोग असावेत, अशी शिफारस याच अहवालात होती. ती केंद्रात प्रत्यक्षात यावयास मात्र सतरा-अठरा वर्षे लागली.

मधल्या काळात जे घडले त्यातील एक घटना महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष मुक्त केले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे मुक्ततेचे एक प्रमुख कारण होते. या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. हे चौघेही कायद्याचे अध्यापक होते, ही बाब प्राध्यापकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाचा गुन्हा भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ म्हणून समाविष्ट झाला. महाराष्ट्रात याच दशकात हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघाले, संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि गर्भजल परीक्षणावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये राज्य विधिमंडळाने केला.

कायदे झाले, पण त्यांची अंमलबजावणी पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर अडखळत राहिली. आयोगाची खरी गरज येथे निर्माण होते. राष्ट्रीय महिला आयोगाचा अधिनियम १९९० मध्ये संमत झाला व आयोग ३१ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाला. त्यानंतर वर्षभरातच, २५ जानेवारी १९९३ रोजी, महाराष्ट्र राज्य महिला आयोग अस्तित्वात आला. पुढील वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले आणि हिंदू वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत सहदायादाचा हक्क मिळाला. केंद्राने हीच दुरुस्ती २००५ मध्ये केली. महिला धोरणाची पुढील रूपे २००१, २०१४ व २०२४ मध्ये आली. धोरण हे शासनाचे आश्वासन असते, तर आयोग हा ते आश्वासन पाळले जाते किंवा नाही हे शासनालाच विचारणारा घटक असतो. हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

रचना :

महाराष्ट्र राज्य महिला आयोग अधिनियम, १९९३ नुसार आयोगात एक अध्यक्ष, सहा अशासकीय सदस्य, एक सदस्य सचिव आणि पदसिद्ध सदस्य म्हणून राज्याचे पोलीस महासंचालक यांचा समावेश होतो. अध्यक्ष व अशासकीय सदस्यांची नियुक्ती राज्य शासन करते आणि त्यांचा कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. आयोगाचे कार्यालय मुंबईत वांद्रे (पूर्व) येथे आहे. खर्चासाठी लागणारा निधी शासनाच्या अनुदानातून मिळतो.

पोलीस महासंचालकांचे पदसिद्ध सदस्यत्व ही या रचनेतील विशेष तरतूद होय. तिच्यामागील तर्क उघड आहे. आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत पोलिसांनी दाद न दिल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने असतात, आणि पोलीस दलाचा प्रमुखच आयोगाचा घटक असेल तर आयोगाचे पत्र धूळ खात पडणार नाही, अशी अपेक्षा होती. परंतु ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तिचाच प्रमुख तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचा सदस्य असणे, यात अंतर्विरोधही आहे. व्यवहारात राज्याच्या पोलीस दलाचा प्रमुख आयोगाच्या नित्याच्या कामकाजासाठी किती वेळ देऊ शकेल, हा आणखी वेगळा प्रश्न.

कार्ये व अधिकार :

अधिनियमाने आयोगावर सोपविलेली कार्ये स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार व्यक्तिगत तक्रारींचा. स्त्रियांच्या हक्कांची पायमल्ली, संरक्षक कायद्यांची अंमलबजावणी न होणे, स्त्रियांसंबंधीच्या धोरणात्मक निर्णयांचे पालन न होणे, अशा बाबींची आयोग तक्रारीवरून किंवा स्वतःहून चौकशी करू शकतो व संबंधित प्राधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करू शकतो. दुसरा प्रकार संस्थात्मक स्वरूपाचा. प्रचलित कायद्यांचा आढावा घेऊन दुरुस्त्या सुचविणे, स्त्रियांच्या स्थितीविषयी संशोधन व अभ्यास हाती घेणे, कारागृहे, सुधारगृहे व स्त्रियांना ठेवले जाते अशा अन्य ठिकाणांची पाहणी करणे, स्त्रियांच्या मोठ्या समूहावर परिणाम करणाऱ्या खटल्यांना साहाय्य करणे आणि शासनास अहवाल सादर करणे, ही कार्ये त्यात मोडतात.

चौकशीच्या वेळी आयोगास दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार प्राप्त होतात. एखाद्या व्यक्तीस समन्स काढून हजर राहण्यास भाग पाडणे, शपथेवर तपासणे, कागदपत्रे मागविणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा स्वीकारणे, शासकीय कार्यालयातून अभिलेख मागविणे हे ते अधिकार. 'दिवाणी न्यायालयाचे अधिकार' या शब्दप्रयोगामुळेच आयोग म्हणजे न्यायालय हा गैरसमज दृढ झाला असावा. वास्तविक हे अधिकार सत्य शोधण्यापुरते आहेत, निवाडा देण्यासाठी नाहीत. आयोग समन्स पाठवून पतीला बोलावू शकतो, परंतु त्याने पत्नीला दरमहा अमुक रक्कम द्यावी असा बंधनकारक हुकूम देऊ शकत नाही. पोलिसांकडून अहवाल मागवू शकतो, परंतु आरोपीला अटक करू शकत नाही.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला एक निर्णय मार्गदर्शक आहे. प्रकरण ओडिशाचे होते. तेथील राज्य महिला आयोगाने एका विवाहितेच्या तक्रारीवरून तिच्या पतीला तिच्या सांभाळाविषयी निर्देश दिले. पती उच्च न्यायालयात गेला, आणि तेथे प्रकरणाला निराळेच वळण लागून अपत्याच्या डीएनए चाचणीचा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविलाच, शिवाय राज्य आयोगाच्या अधिकारकक्षेचीही मीमांसा केली. तक्रारींचा शोध घेणे, वस्तुस्थिती निश्चित झाल्यावर उपाययोजनेसाठी संबंधित यंत्रणेकडे प्रकरण नेणे, स्त्रियांच्या आर्थिक, शैक्षणिक व आरोग्यविषयक प्रश्नांचा अभ्यास करणे ही आयोगाची कामे होत. पक्षकारांच्या हक्कांचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार त्याला विधिमंडळाने दिलेला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ओडिशाचा अधिनियमही १९९३ चाच असून राज्याराज्यांतील या अधिनियमांची धाटणी बरीचशी समान असल्याने हे विवेचन महाराष्ट्रासही लागू पडते.

या निर्णयाकडे केवळ आयोगावरील मर्यादा म्हणून पाहणे एकांगी ठरेल. आयोगाने कोणते काम करू नये हे सांगताना, जे काम बहुधा मागे पडते, म्हणजे अभ्यास आणि यंत्रणेचा पाठपुरावा, त्याची आठवण न्यायालयाने करून दिली आहे.

तक्रारीचा प्रवास :

तक्रारदार स्त्री आपला अर्ज टपालाने, संगणकीय माध्यमातून किंवा प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन सादर करते. अर्जाची छाननी होते. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर आयोग सामान्यतः त्यात हात घालत नाही. अन्यथा तक्रारीच्या स्वरूपानुसार संबंधित पोलीस आयुक्त, जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा विभागप्रमुखांकडून अहवाल मागविला जातो. कौटुंबिक स्वरूपाच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना बोलावून सुनावणी व समुपदेशन होते. समेट झाला तर त्याची नोंद होते, न झाला तर न्यायालयात जाण्याचा सल्ला दिला जातो. वर्णन करताना हा क्रम सरळ वाटतो, परंतु त्यातील प्रत्येक टप्प्यावर एक अडचण दडलेली आहे.

पहिली अडचण अंतराची. गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातील स्त्रीला वांद्र्याच्या कार्यालयात सुनावणीसाठी यावयाचे म्हणजे दोन रात्रींचा प्रवास, सोबत एखादा नातलग, बुडालेली मजुरी आणि मुंबईत मुक्कामाची चिंता. या अडचणीवर उपाय म्हणून 'महिला आयोग आपल्या दारी' या उपक्रमांतर्गत आयोग जिल्ह्याच्या ठिकाणी जनसुनावणी घेतो. तेथे पोलीस अधिकारी, विधिज्ञ व समुपदेशक एकाच सभागृहात उपस्थित असतात आणि पूर्वनोंदणी नसलेली स्त्रीही आपले म्हणणे मांडू शकते. आयोगाच्या कार्यातील हा सर्वाधिक उपयुक्त भाग म्हणावा लागेल. मात्र एका दिवसात अनेक प्रकरणे ऐकावयाची असल्याने प्रत्येकीच्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो, आणि अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष दिलेल्या आश्वासनाचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी पुन्हा वांद्र्याकडेच डोळे लावावे लागतात.

दुसरी अडचण समेटाविषयीची. समेट ही चांगली गोष्ट आहे असे गृहीत धरण्याची आपली सामाजिक सवय आहे. 'संसार मोडू नये' हे वाक्य पोलीस ठाण्यापासून माहेरच्या ओसरीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. पण ज्या घरात मारहाण होते त्या घरात स्त्रीला परत पाठविणे हा समेट नसून धोका असू शकतो. समुपदेशन करणाऱ्या व्यक्तीला हा फरक ओळखण्याचे प्रशिक्षण हवे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्यामागील भूमिका हीच होती. पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसली तर स्त्रीला ऐकून घेणारे माणूस मिळते आणि गुन्हा नोंदविण्याचा मार्गही शेजारीच खुला राहतो. हे प्रारूप पुढे राज्याच्या अन्य भागांतही स्वीकारले गेले.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. आयोगाने तक्रार पोलिसांकडे पाठविली म्हणजे आयोगाचे काम संपले काय? मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला व हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप झाला. त्यानंतर अशी बाब उघड झाली की, त्याच घरातील थोरल्या सुनेच्या छळाविषयीची तक्रार नोव्हेंबर २०२४ मध्येच आयोगाकडे पोहोचली होती आणि आयोगाने ती पोलिसांकडे कार्यवाहीसाठी पाठविलीही होती. म्हणजे नियमानुसार दखल घेतली गेली होती. जावक क्रमांक पडला होता. त्यानंतर सहा महिन्यांत त्या घरातील दुसरी सून गेली. या प्रकरणातील दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे व तपास यंत्रणेचे काम आहे. पण अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. पत्र पाठविल्यानंतर किती दिवसांत उत्तर यावे, उत्तर न आल्यास पुढील पाऊल कोणते, एकाच कुटुंबाविषयी दुसरी तक्रार आल्यास धोक्याची पातळी कशी ठरवावी, याची निश्चित पद्धती असणे आणि नसणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. आयोगाला अटकेचा अधिकार नसला तरी अभिलेख मागविण्याचा व अधिकाऱ्याला समन्स पाठविण्याचा अधिकार आहे. पाठपुराव्यासाठी तो पुरेसा आहे. उणीव आहे ती मनुष्यबळाची व कार्यपद्धतीची.

रिक्त पदांचा प्रश्न :

आयोगाचे अध्यक्षपद ही राजकीय नियुक्ती असल्याची टीका वारंवार होते. सत्तेतील पक्षाशी संबंधित व्यक्तीची नेमणूक होणे हे सर्वच राज्यांतील वास्तव आहे आणि राजकीय कार्यकर्तीला स्त्रीप्रश्नाची जाण नसते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. ग्रामीण भागात फिरलेल्या कार्यकर्तीचा जनसंपर्क हा आयोगाला उपकारकच ठरतो. अधिक हानी होते ती पद रिकामे राहिल्याने. २००९ नंतर महाराष्ट्रात आयोगाला अध्यक्ष मिळाला तो २०१३ मध्ये. या मधल्या काळातच डिसेंबर २०१२ ची दिल्लीतील घटना घडली आणि सारा देश स्त्रियांच्या सुरक्षिततेची चर्चा करीत होता. पुढे राज्यात सत्तांतर झाल्यानंतर विजया रहाटकर यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि रूपाली चाकणकर यांची नियुक्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. दरम्यानच्या दीड वर्षाहून अधिक काळात करोना साथीची टाळेबंदी होती. घराबाहेर पडणे बंद झाल्याने छळ करणारा आणि छळ सोसणारी एकाच छताखाली अडकले होते. नेमक्या त्याच काळात आयोग अध्यक्षाविना होता.

सदस्य सचिव व कर्मचारी यांच्याकडून दैनंदिन काम चालू राहते हे खरे. परंतु स्वतःहून चौकशी सुरू करणे, शासनाला अप्रिय वाटेल असा अहवाल देणे, ही कामे सचिवस्तरावरील अधिकारी करू शकत नाही. अधिनियमात अध्यक्षाचा कार्यकाळ नमूद आहे, तसाच पद रिक्त झाल्यापासून किती दिवसांत ते भरले जावे याचाही कालावधी नमूद होणे आवश्यक वाटते.

याला जोडून वार्षिक अहवालाचा उल्लेख करावयास हवा. आयोगाचा अहवाल शासनाने विधिमंडळापुढे ठेवावा आणि शिफारशींवर काय कार्यवाही केली, एखादी शिफारस स्वीकारली नसल्यास का स्वीकारली नाही, याचे निवेदन सोबत द्यावे, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. शिफारस बंधनकारक नसली तरी ती नाकारण्याचे कारण सांगणे बंधनकारक असणे, ही या संस्थेच्या हातातील खरी शक्ती आहे. दखलीच्या बातम्यांना मिळणारी प्रसिद्धी या अहवालांच्या वाट्याला येत नाही. राज्यशास्त्र, समाजशास्त्र व विधी या विषयांच्या संशोधकांनीही या अहवालांचा साधन म्हणून अभावानेच उपयोग केला आहे.

ज्या तक्रार करीत नाहीत त्यांचे काय?

आयोगाचे मूल्यमापन बहुधा आलेल्या व निकाली निघालेल्या तक्रारींच्या आकड्यांवरून केले जाते. या पद्धतीत मुळातच एक दोष आहे, आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो.

ऊसतोडीसाठी नवरा-बायकोची जोडी एक 'कोयता' म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर कारखान्याच्या परिसरात पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहावे लागते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरला जातो व त्याचे पैसे कापले जातात. मासिक पाळीचा त्रास, बाळंतपण, आजारपण या साऱ्यांची किंमत खाड्यात मोजली जाते. शौचालय नाही, पाणी नाही. अशा परिस्थितीत पोटदुखीसाठी डॉक्टरकडे गेलेल्या स्त्रीला गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर तो तिला सुटकेसारखा वाटतो. २०१९ मध्ये हा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठविली. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

या १३,८६१ स्त्रियांपैकी किती जणींनी महिला आयोगाकडे अर्ज केला असता? अर्ज करावयाचा तर तो कोणाविरुद्ध? शस्त्रक्रियेला तिची संमती होती, मुकादमाने मारहाण केलेली नव्हती, नवराही तिच्याबरोबरच राबत होता. प्रचलित तक्रार अर्जात 'गैरअर्जदाराचे नाव' या रकान्यात लिहावयास कोणी नाही, असा हा अन्याय आहे. अधिनियमाने आयोगाला अभ्यास, संशोधन व स्वतःहून चौकशी करण्याची जी कार्ये नेमून दिली आहेत ती अशाच प्रश्नांसाठी. घरगुती भांडणाच्या सुनावण्या अन्य यंत्रणाही करू शकतात. साखर कारखाना, आरोग्य विभाग, कामगार विभाग व जिल्हा प्रशासन या चौघांना एकाच वेळी जाब विचारू शकेल अशी वैधानिक संस्था मात्र राज्यात दुसरी क्वचितच सापडेल. त्यामुळे तक्रारींच्या निपटाऱ्यात आयोगाची सारी शक्ती खर्ची पडणे हे सामाजिकदृष्ट्या महागात पडणारे आहे.

आयोग आणि अन्य यंत्रणा :

तक्रारदार स्त्रीने कोठे जावे याचे उत्तर तिला काय हवे आहे यावर अवलंबून असते. राहत्या घरातून हाकलले जाऊ नये, मारहाण थांबावी, खर्चाला पैसे मिळावेत असे हवे असेल तर २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा हाच मुख्य मार्ग. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो, परंतु तेथून मिळणारा आदेश बंधनकारक असतो. छळाबद्दल शिक्षा व्हावी असे हवे असेल तर पोलीस ठाणे. पूर्वीच्या कलम ४९८-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ व ८६ यांनी घेतली आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळण्यास उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

मग आयोगाकडे केव्हा जावे? वरील यंत्रणांपैकी एखादी हलत नसेल तेव्हा. पोलीस गुन्हा नोंदवून घेत नाहीत, संरक्षण अधिकारी अहवाल पाठवीत नाही, कार्यालयातील समिती चौकशीच सुरू करीत नाही, अशा वेळी आयोगाचे पत्र उपयोगी ठरते. आयोग हा पर्याय नसून पाठबळ आहे, आणि म्हणून आयोगाकडील अर्जाच्या प्रतीक्षेत अन्य कार्यवाही थांबवू नये, हे तक्रारदाराला स्पष्टपणे सांगणे हितावह होय.

महाविद्यालयांच्या संदर्भात :

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार महाविद्यालयांतून महिला तक्रार निवारण समित्या स्थापन झाल्या. पुढे २०१३ चा अधिनियम आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी स्वतंत्र विनियम केले. आता अंतर्गत तक्रार समिती ही वैधानिक संस्था असून तिला नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण करावयाची असते. समिती स्थापन न करणाऱ्या नियोक्त्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही या समित्यांची स्थिती समाधानकारक नसल्याचे सर्वोच्च न्यायालयालाच नमूद करावे लागले. गोव्यातील एका प्रकरणात न्यायालयाने मे २०२३ मध्ये देशभरातील संस्थांत समित्या रीतसर स्थापन झाल्या आहेत किंवा नाहीत याची पडताळणी करण्याचे निर्देश दिले.

अनेक महाविद्यालयांत समितीचे अस्तित्व मूल्यांकनाच्या वेळी दाखवावयाच्या धारिकेपुरते असते, हे कटू असले तरी नाकारता येणार नाही. सूचना फलकावरील नावांत बदलून गेलेल्या प्राध्यापिकेचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. बाहेरील सदस्याला आपण सदस्य आहोत हेच माहीत नसते. चौकशीचा अनुभव नसलेली समिती प्रकरण 'आपसांत मिटविण्याचा' प्रयत्न करते, आणि विद्यार्थिनी मग थेट महिला आयोगाकडे जाते. आयोग महाविद्यालयाकडून अहवाल मागवितो, तेव्हा समितीच्या सभेचे इतिवृत्तच नसल्याचे लक्षात येते. अशा वेळी संस्थेची प्रतिष्ठा जपण्याच्या भरात मागील तारखांची इतिवृत्ते लिहिण्याचा मोह होऊ शकतो. ते बनावट अभिलेख ठरतील, याची जाणीव समितीतील प्रत्येक सदस्याने ठेवावयास हवी.

विद्यार्थिनीने अध्यापिकेकडे येऊन काही सांगितले तर पहिल्याच दिवशी करता येण्याजोगी कामे साधी आहेत. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारीख व वेळेसह लिहून घ्यावे. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार देणे अपेक्षित असते, हे तिला सांगावे. तक्रार समितीकडे दिल्यावर दिनांकित पोहोच घ्यावी. तीच तक्रार पुढे आयोगाकडे न्यावी लागली तर समितीची पोहोच, पोलिसांत दिलेल्या अर्जाची प्रत आणि आधीच्या पत्रव्यवहाराचे क्रमांक सोबत जोडावेत. आयोग ज्या यंत्रणेला जाब विचारणार असतो तिने नेमके कोणत्या दिवशी काय केले नाही, हे त्या कागदांवरूनच त्याला दाखविता येते.